कुत्रा चावला तर पहिल्या तासात काय करायचं, आणि रेबीजचा व्हायरस नसेतल्या रुळांवरून मेंदूत कसा जातो

आधी कामाचं सांगतो, कारण नंतर. कुत्रा, मांजर, माकड, मुंगूस, कोल्हा, काहीही चावलं किंवा नख लागून ओरखडलं तर पहिलं काम डॉक्टर शोधणं नाय, पहिलं काम नळ शोधणं. वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, पूर्ण १५ मिनिटं जखम धुवायची. मोबाईलवर टायमर लावा, कारण अंदाजाने धुतलं तर माणूस दोन मिनिटांतच "झालं झालं" म्हणतो, आणि पोरगं रडत असेल तर एक मिनिटपण होत नाय. साबण कुठलाही चालतो, अंगाचा, कपड्याचा, भांड्याची वडी, जे पडवीत हाताला लागेल ते. मे महिन्यात विहिरीने तळ गाठलेला असतो आणि नळाला दिवसाआड पाणी, तर बादली घ्या, एकाने तांब्याने वरून धार धरायची आणि दुसऱ्याने साबण चोळायचा, पण डबक्यात पाय बुडवून बसायचं नाय, पाणी वाहून गेलं पाहिजे. मग बीटाडीनसारखं काहीतरी लावा आणि निघा. जखम उघडी ठेवा, वर घट्ट पट्टी नको.

हळद, चुना, तिखट, खोबरेल तेल, रॉकेल, चुलीतली राख यातलं काहीही जखमेत भरायचं नाय. ह्यावर वाडीत भांडण होणार हे मला माहितीये. कोणीतरी म्हातारं माणूस म्हणणारच की आमच्या वेळी आम्ही मिरचीच भरायचो आणि काय झालं आम्हाला, आणि त्यांच्याशी वाद घालत बसलात तर तोच वेळ फुकट जातो, म्हणून हो म्हणा आणि धुवत राहा.

आता कारण. मी शाळेत सायन्स शिकवतो आणि माझा अनुभव असा की नुसतं "धुवा, इंजेक्शन घ्या" सांगितलं तर लोक एक डोस घेतात, बरं वाटतं, आणि तिसऱ्या डोसला आंब्याच्या पेट्या भरायच्या असतात म्हणून जात नायत. पण व्हायरस शरीरात जातो कसा हे एकदा डोळ्यापुढे आलं की कोणाला दटावून सांगावं लागत नाय. म्हणून जरा आत जाऊया, नसेच्या आत. (इथे नस म्हणजे रक्ताची शीर नाय, मेंदूचे निरोप नेणारी नस.)

नसेच्या आतला सांगाडा

आपल्याला सांगाडा म्हटलं की हाडं आठवतात, पण प्रत्येक पेशीच्या आतपण एक सांगाडा असतो, प्रोटीनच्या धाग्यांचा आणि नळ्यांचा. मेंदूच्या आणि नसांच्या पेशींना तो सगळ्यात जास्त लागतो कारण त्यांचा आकारच विचित्र. पायाच्या बोटापर्यंत जाणारी जी नस आहे तिच्या एका पेशीचं मुख्य घर मणक्यात किंवा मणक्याच्या शेजारी असतं, आणि तिथून निघालेला एकच तंतू, म्हणजे अ‍ॅक्सॉन, पार पायापर्यंत जातो. मोठ्या माणसात जवळजवळ मीटरभर. एक पेशी, मीटरभर लांब, आणि जाडी केसापेक्षाही कितीतरी कमी. आत टेकू नसेल तर ती उभीच राहणार नाय.

हे टेकू तीन प्रकारचे. सगळ्यात बारीक अ‍ॅक्टिन, साधारण ७ नॅनोमीटर जाडीचे धागे, ते पेशीच्या कडेला आणि जिथे एक पेशी दुसरीशी बोलते त्या टोकांवर. मधले न्यूरोफिलामेंट, १० नॅनोमीटर, त्यांनी तंतूला जाडी आणि ताकद येते. आणि सगळ्यात जाड मायक्रोट्यूब्युल, २५ नॅनोमीटर व्यासाच्या पोकळ नळ्या, ट्यूब्युलिन नावाच्या प्रोटीनचे तुकडे एकावर एक रचून बनलेल्या. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक.) आपला विषय मुख्यतः ह्या तिसऱ्याचा.

कारण मायक्रोट्यूब्युल नुसता टेकू नाय, तो मालवाहतुकीचा मार्गपण आहे. प्रोटीन बहुतेक सगळं पेशीच्या घरात बनतं आणि लागतं मात्र मीटरभर लांब टोकाला, मग ते न्यायचं कोणी. तर कायनेसिन नावाची मोटर प्रोटीन्स घराकडून टोकाकडे माल नेतात आणि डायनीन नावाचं मोटर प्रोटीन टोकाकडून घराकडे. अ‍ॅक्सॉनमध्ये सगळ्या नळ्यांची तोंडं एकाच दिशेला असतात म्हणून ह्या मोटरींना दिशा बरोबर कळते, कोणी चुकून उलटं जात नाय. डायनीनचं एक पाऊल साधारण ८ नॅनोमीटरचं. मीटरभर जायचं तर साडेबारा कोटी पावलं होतात. वर्गात हा आकडा फळ्यावर लिहिला की मागच्या बाकावरची पोरंपण मान वर करतात.

व्हायरस ह्यात शिरतो कसा

रेबीजचा व्हायरस बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा असतो, अंदाजे १८० नॅनोमीटर लांब आणि ७५ रुंद, आणि त्याच्याकडे फक्त पाच प्रोटीन्सचा मसाला. ना इंजिन, ना पाय. बाहेरून चरबीचं आवरण असतं आणि साबणाने ते आवरण फाटतं, म्हणून ती १५ मिनिटं. चावल्यावर लाळेतून तो कातडीखाली, स्नायूत जातो, काही वेळा तिथेच थोडी संख्या वाढवतो, काही वेळा नुसता पडून राहतो. मग जिथे नस स्नायूला जोडलेली असते तिथे नसेच्या टोकावरचे रिसेप्टर, म्हणजे बाहेरचे निरोप पकडणारी प्रोटीन्स, पकडतो. त्यातला एक पी७५ नावाचा, जो खरं तर नसेला वाढीचा निरोप पोचवायला ठेवलेला आहे. नसेला वाटतं आपल्याच कामाचं काहीतरी आलंय, ती त्याला एका बारीक पिशवीत गुंडाळून आत ओढून घेते, आणि पिशवी डायनीनच्या ताब्यात देते. घराकडे.

कोकणातल्या माणसाला हे समजवायला मला फार कष्ट पडत नायत, कारण आपल्याकडे रो-रो आहे. १९९९ पासून कोकण रेल्वेवर मालाने भरलेले ट्रक आख्खेच्या आख्खे वॅगनवर चढवून नेतात, कोलाडला चढवले की गोव्यात वेर्ण्याला उतरवले, ड्रायव्हर केबिनमध्ये झोपलेला. व्हायरस असाच जातो, सुटा होऊन नाय, सगळं आवरण वगैरे शाबूत ठेवून, पिशवीसकट. रूळ नसेचे, इंजिन नसेचं, डिझेलपण नसेचंच. आधी शास्त्रज्ञांना वाटायचं की व्हायरसचं पी नावाचं प्रोटीन डायनीनच्या एका भागाला स्वतः हात घालून पकडतं आणि तसा तो ओढला जातो. ते दोघं एकमेकांना पकडतात हे खरंच आहे, पण पी मधला तो पकडायचा भाग काढून टाकला तरी व्हायरस उंदराच्या मेंदूत पोचला, तेव्हा कळलं की प्रवासाची खरी चावी म्हणजे बाहेरच्या आवरणावरचं 'जी' (G) नावाचं प्रोटीन. एवढी की दुसऱ्याच एखाद्या निरुपद्रवी व्हायरसला हे जी प्रोटीन घातलं तर तोपण नसेतून उलटा वर जायला लागतो. मेंदूत कुठली पेशी कुठल्या पेशीला जोडलेली आहे त्याचे नकाशे काढायला आता लॅबमध्ये दुबळा केलेला रेबीज व्हायरसच वापरतात, ज्या वाटेने तो मारायला जातो तीच वाट बघायची.

वेग? साधारण दिवसाला ५० ते १०० मिलिमीटर धरतात. म्हणजे पायापासून मणक्यापर्यंतचं मीटरभर अंतर दहा ते वीस दिवसांत. मग लक्षणं एक ते तीन महिन्यांनी का दिसतात, तर तो स्नायूत किती दिवस थांबला ते आधी सांगता येत नाय, आणि मेंदूत पोचल्यावरपण संख्या वाढवायला वेळ लागतो. काहींना आठवड्याभरात, काहींना वर्षानंतरसुद्धा. पण गालावर, मानेवर, डोक्यावर चावलं तर मेंदू वीतभर अंतरावर, आणि हाताच्या बोटांत नसांची टोकं खच्चून भरलेली. म्हणून चेहरा, डोकं, मान आणि हात ह्यांना डॉक्टर जास्त घाबरतात. लहान पोरांची उंचीच कुत्र्याच्या तोंडाएवढी, त्यांना चावा बहुतेक वरच बसतो, त्यामुळे पोरांच्या बाबतीत "सकाळी बघू" हा प्रकारच नको.

आणि आता मुख्य गोष्ट. व्हायरस बाहेर आहे, स्नायूत आहे, तोपर्यंत रक्तातल्या अँटिबॉडी, म्हणजे व्हायरसला पकडणारी प्रोटीन्स, त्याला गाठू शकतात. एकदा नसेच्या आत रुळावर चढला की अँटिबॉडी त्याच्यापर्यंत पोचतच नायत असंच धरून चालायचं, आणि शरीराच्या पहारेकऱ्यांनापण पत्ता लागत नाय कारण तो वाटेत काही मोडतोड करत नाय, गप्प जातो. आपल्या हातात आहे तो फक्त वॅगनवर चढायच्या आधीचा वेळ.

इंजेक्शनं, आणि लोक जी विसरतात ती

चाव्याचे तीन प्रकार करतात. जनावराला नुसता हात लावला, खायला घातलं, धड कातडीवर चाटलं, तर काही करायचं नाय, हात धुवा. रक्त न येता ओरखडा उठला किंवा उघड्या कातडीला दात नुसते लागले, तर लस. आणि रक्त आलं, किंवा जखमेवर, ओठांवर, डोळ्यात लाळ गेली, तर लस आणि शिवाय सिरम, म्हणजे तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन. हे सिरम लोक विसरतात. म्हणजे विसरतात असं पण नाय, त्यांना कोणी सांगतच नाय.

लस शरीराला अँटिबॉडी बनवायला शिकवते पण त्याला एक-दोन आठवडे लागतात. वरचा हिशेब परत बघा, तेवढ्या दिवसांत वॅगन कुठल्या कुठे गेलेली असेल. म्हणून तयार अँटिबॉडी थेट जखमेतच टोचतात, जखमेच्या आत आणि कडेने, जेवढं मावेल तेवढं. घोड्याच्या रक्तातलं असेल तर किलोमागे ४० युनिट, माणसाच्या रक्तातलं असेल तर किलोमागे २०. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने काढलेलं लॅबमध्ये बनवलेल्या अँटिबॉडीचं इंजेक्शनपण मिळतं. दुखतं, बोटाच्या टोकाला टोचतात तेव्हा तर चांगलंच दुखतं, कारण तिथे जागाच नसते. तरी घ्यायचं. पहिल्या दिवशी मिळालं नाय तर लसीच्या पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत चालतं, त्यानंतर उपयोग नाय कारण तोवर लसीच्या अँटिबॉडी यायला लागतात.

लहान पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) लस बहुतेक वेळा मिळते, सिरम मिळेलच असं नाय. म्हणून निघायच्या आधी फोन करा आणि दोन वेगळे प्रश्न विचारा: लस आहे का, सिरम आहे का. "इंजेक्शन आहे का" असं विचारलंत तर पलीकडचा माणूस "आहे" म्हणणार, तुम्ही दोन घाट्या उतरून जाणार, आणि तिथे कळणार की सिरमसाठी ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्ह्याला जायचंय. तिथल्या तिथे लसीचा पहिला डोस मात्र घेऊनच पुढे निघा, सिरम मिळेपर्यंत लस थांबवायची नाय.

लसीचं वेळापत्रक सरकारी दवाखान्यात बहुधा असं: पहिला दिवस म्हणजे ० दिवस, मग ३, ७ आणि २८. दोन्ही दंडात कातडीत थोडं थोडं. प्रायव्हेटला दंडाच्या स्नायूत देतात ते ०, ३, ७, १४, २८. दोन्ही चालतात, मध्येच एकातून दुसऱ्यात जायचं असेल तर डॉक्टरांना विचारून. लहान बाळांना मांडीत देतात, ढुंगणावर कोणालाच नाय. गरोदर बाई असो, बाळंतीण असो, तान्हं बाळ असो, सगळ्यांना चालते, "पोटात बाळ आहे म्हणून थांबूया" हे साफ चूक. धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं, ते त्याच वेळी घेऊन टाका. टाके शक्यतो घालायचे नायत, आणि घालायलाच लागले तर सिरम टोचल्यानंतर, सैल.

एका काकींनी मागे विचारलं, "सर, ती चौदा इंजेक्शनं पोटात घेववत नायत ओ मला." काकी, ती गेली. मेंढीच्या मेंदूपासून बनवायचे ती जुनी लस, भारतात २००५ च्या सुमाराला बंद झाली, पण पोटातल्या चौदा सुया लोकांच्या डोक्यातून अजून जात नायत आणि त्या भीतीपोटी माणसं देवरुष्याकडे जाऊन बसतात. देवाला नारळ ठेवायचा तर ठेवा, आमच्याकडेपण ठेवतात. इंजेक्शन घेऊन येताना ठेवा.

मेंदूत पोचल्यावर तो काय करतो

हा भाग नाय वाचला तरी जीव वाचेल, पण मला सगळ्यात चक्रावून टाकणारं हेच वाटतं.

रेबीजने गेलेल्या माणसाचा मेंदू नुसत्या डोळ्यांनी बघितला तर त्यात फारसं काही दिसत नाय. सूज असेल थोडी. पेशी मेलेल्यापण कमी. १९०३ मध्ये इटलीत अदेल्की नेग्री नावाच्या माणसाला मायक्रोस्कोपखाली पेशींच्या आत गोल गोल ठिपके दिसले, त्यांना आजपण नेग्री बॉडी म्हणतात, आणि नंतर कळलं की ते व्हायरसचे कारखाने आहेत, तिथे तो स्वतःच्या कॉप्या काढतो. पण कारखाने असले तरी पेशी जिवंत आहे, मग माणूस मरतो कशाने?

उत्तराचा मोठा भाग सांगाड्यात मिळाला. २००५ मध्ये उंदरांवर काम झालं त्यात दिसलं की जंगली, म्हणजे खऱ्या रोगाचा व्हायरस दिलेल्या उंदरांत पेशींची घरं जागेवर होती पण त्यातून निघणारे तंतू, अ‍ॅक्सॉन आणि डेन्ड्राइट, झडल्यासारखे झालेले. दुबळ्या केलेल्या व्हायरसमध्ये तसं झालं नाय. मग २००८ मध्ये कॅनडात काही उंदीर घेतले ज्यांच्या नसा पिवळ्या चमकतात, त्यांना इन्फेक्शन दिलं, आणि चमकणाऱ्या तंतूंवर जागोजागी फुगीर गाठी उठलेल्या दिसल्या. तंतू सलग राहिलाच नाय. मालवाहतूक अडली की अशा गाठी येतात. शिवाय लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींत असंपण दिसलंय की इन्फेक्शन पुढे सरकलं की मायक्रोट्यूब्युल सुटे व्हायला लागतात आणि अ‍ॅक्टिनचे धागेपण कमी होतात. म्हणजे येईपर्यंत रूळ शाबूत हवेत म्हणून हातही लावत नाय, आणि पोचल्यावर तेच मोडतो. घरं उभी, तारा तुटलेल्या. गिळायचं, श्वास घ्यायचं, हृदयाचं काम बघणारा मेंदूचा खालचा भाग असा तुटला की पाण्याचा घोट घेतानापण घशाला पिळे पडतात, आणि तिथून परत फिरवणारं औषध आजपण नाय. लक्षणं दिसल्यावर जवळपास कोणी वाचत नाय.

दुबळा व्हायरस उलट पेशी जास्त मारतो आणि त्यामुळे शरीराला लवकर जाग येते. खरा बेरकी आहे तो शांत राहतो. राजकारणात अशी माणसं आपण बघितलीयत.

कळलावीबद्दल एक ताकीद

आता कोणी हुशार म्हणेल, मग रूळच उखडून टाकले तर? शास्त्रज्ञांनी ते करून बघितलंय. कोल्चिसीन नावाचं द्रव्य ट्यूब्युलिनला चिकटतं आणि नळ्या रचू देत नाय. १९७० आणि ८० च्या दशकांत उंदरांवर प्रयोग झाले, कोल्चिसीन दिलं तर रेबीज व्हायरसचा नसेतला प्रवास खरंच अडला. व्हायरस मायक्रोट्यूब्युलवरूनच जातो ह्याचा हा अगदी सुरुवातीचा पुरावा.

आणि हे द्रव्य आपल्या गडग्यावर उगवतं. पावसाळ्यात जांभ्याच्या गडग्यावर, करवंदीच्या जाळीत कळलावीची वेल चढते, पानाचं टोक गोल वळून शेजारच्या फांदीला विळखा घालतं, आणि श्रावण-भाद्रपदात लालपिवळी फुलं येतात, पाकळ्या वर उलटलेल्या आणि कडा नागमोडी, कळी हिरवट असते ती पिवळी होते मग लालभडक. गणपतीच्या पत्रीला, माटवीला ही फुलं आपण आणतो. तिच्या सगळ्या भागात, आणि कंदात तर भरपूर, कोल्चिसीन असतं. गावठी औषधात विषारी दंशावर कळलावीचा कंद उगाळून लावायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, आणि आता "सायन्सनेपण सिद्ध केलंय" म्हणून ती कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवेल ह्याची मला खरी धास्ती आहे, म्हणून स्पष्ट लिहितो: नको. रूळ फक्त व्हायरसचे नायत, तुमच्या प्रत्येक पेशीचे आहेत. कोल्चिसीनला व्हायरस कुठला आणि माणूस कुठला ते कळत नाय, ते आतडी, रक्त, हृदय सगळ्यांची वाट लावतं आणि कंद पोटात गेल्याने माणसं मेलीयत. कंद रताळ्यासारखा दिसतो म्हणून करांदे-कणगी खणताना तर डोळे उघडे ठेवा. युरिक अ‍ॅसिडवाल्यांना डॉक्टर कोल्चिसीनची बारीक गोळी देतात ती मोजून दिलेली असते, कुत्रा चावला म्हणून चार जास्त घ्यायची नाय.

दहा दिवस कुत्रा बघायचा म्हणजे काय

हा नियम लोक उलटा पाळतात. दहा दिवस वाट बघू, कुत्रा मेला तर इंजेक्शन घेऊ. नाय. इंजेक्शन आजच सुरू करायचं, आणि सोबत कुत्र्यावर लक्ष ठेवायचं. दहा दिवसांनी कुत्रा ठणठणीत असेल तर पुढचे डोस घ्यायचे की नाय ते डॉक्टर सांगतील.

दहाच का, तेपण रुळांनीच कळतं. व्हायरस कुत्र्याच्या लाळेत येतो तो मेंदूतून परत खाली, नसांमधून लाळग्रंथीत. म्हणजे ज्या कुत्र्याच्या लाळेत व्हायरस आहे त्याच्या मेंदूत तो आधीच पोचलेला आहे, आणि असा कुत्रा दहा दिवसांच्या आत आजारी दिसतो आणि मरतो. दहा दिवसांनंतर जर तो जेटीवर मासळीच्या टोपल्यांमागे धावतोय, तर चावला त्या दिवशी त्याच्या लाळेत काही नव्हतं. हा हिशेब फक्त कुत्र्या-मांजरांचा. माकड, कोल्हा, मुंगूस चावून पळालं तर वाट बघायचा प्रश्नच नाय, पूर्ण कोर्स. कुत्र्याला लस दिलेली आहे असं मालक म्हणाला तरी आपली सुरू करायची, मालक काय, म्हणणारच. आणि कुत्र्याला मारू नका, मारलात तर दहा दिवस बघणार कोणाला.

माकडावरून आठवलं, सिंधुदुर्गात दोडामार्गकडे २०१६ पासून जो माकडताप चालू आहे तो वेगळा, तो माकड चावून होत नाय, जंगलातल्या गोचिडीमुळे होतो. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, आरोग्य केंद्राला कळवा.

गोठ्याचं एक सांगायचंच आहे. गाय किंवा म्हैस अचानक खायची बंद झाली, तोंडातून लाळेच्या तारा लोंबतायत, आवाज घोगरा झालाय आणि सारखी हंबरतेय, तर आपली पहिली समजूत असते की घशात काहीतरी अडकलंय. मग घरातलं कोणीतरी कोपरापर्यंत हात आत घालून चाचपतं, आणि गुरांच्या दाढांनी हातावर कापलेलं असतंच. महिन्या-दोन महिन्यांपूर्वी तिला कोल्हा किंवा कुत्रा चावलेला असू शकतो, रानात चावला तर तुम्हाला कळणारपण नाय. हात घालू नका, गुरांच्या डॉक्टरांना बोलवा. ज्याने हात घातला त्याने १५ मिनिटं धुवून इंजेक्शन सुरू करायचं. उकळलेलं दूध प्यायलात तर त्याने काही होत नाय.

नागीण पण ह्याच रुळांवरची

थोडक्यात सांगतो. लहानपणी कांजिण्या आल्या की त्यांचा व्हायरस नसेतून वर जाऊन मणक्याशेजारच्या गाठींमध्ये लपतो आणि तिथे चाळीस चाळीस वर्षं झोपतो. वय झालं, डायबेटीस आला, शरीर थकलं की जागा होतो आणि त्याच नसेने, ह्या वेळी कायनेसिनवरून, खाली कातडीकडे येतो. म्हणून नागिणीचा पट्टा अंगाच्या एकाच बाजूला, एका नसेच्या हद्दीत उठतो. दोन्ही टोकं जुळली की माणूस मरतो ही भीती खोटी. गेरूचा लेप लावून थांबून राहू नका, फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू केल्या तर सगळ्यात चांगलं, उशिरा केलं तर पुरळ जातं पण नसेचं दुखणं महिनोन्‌महिने राहतं. डोळ्याजवळ उठली तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. पन्नाशीनंतर घ्यायची लस आता भारतात मिळते, महाग आहे.

चाकरमान्यांसाठी

गणपतीत, शिमग्याला किंवा मे महिन्यात गावी आलात आणि कुत्रा चावला, तर पहिला डोस गावातच घ्या, मुंबईला जाऊन घेऊ म्हणून गाडीत बसू नका. पुढचे डोस मुंबईत, ठाण्यात, कुठल्याही सरकारी दवाखान्यात मिळतात. केसपेपरवर तीन गोष्टी लिहून घ्या: कुठली लस, कातडीत दिली की स्नायूत, आणि सिरम कधी दिलं. त्याचा लगेच फोटो काढा, कारण तो कागद एसटीत सुकटीच्या पिशवीखाली भिजून जातो. लस बाहेरून विकत घेऊन पीएचसीत टोचून घेणार असाल तर ती २ ते ८ डिग्रीत राहिली पाहिजे, मेडिकलवाल्याकडून बर्फाच्या डब्यात घ्या आणि डब्यात ती बर्फाला चिकटून गोठणार नाय एवढं बघा.

आणि कागद कोर्स संपल्यावरपण फेकू नका. पूर्ण कोर्स झालेल्या माणसाला पुढे परत कुत्रा चावला तर फक्त दोन डोस लागतात, ० आणि ३ दिवसाला, सिरम लागत नाय. पण ते दाखवायला कागद हवा, तोंडी सांगितलेलं कोणी धरत नाय. १५ मिनिटं धुवायचं मात्र तेव्हापण.